वाचकांचे प्रश्न : नोव्हेंबरच्या आत

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय ४१, पतसंस्थेत नोकरी. लग्न झालं तेव्हा यांचा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा चार वर्षांचा होता. त्याची आई तो तान्हा असतानाच गेलेली, त्यामुळे त्याला मीच वाढवलं. तीन वर्षांपूर्वी आमचा घटस्फोट झाला. नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे असते, मुलगा बेळगावला टिळकवाडीत आजीकडे. वडिलांनी पुन्हा लग्न केलंय. सुट्टी लागली की पोरगा एसटीनं माझ्याकडे येतो, एरवी रोज फोन करून 'आई, आज डब्याला काय?' विचारतो. मला त्याला दत्तक घ्यायचंय. आजी तयार आहेत. वडील म्हणतात, 'तुझे द्यायचे राहिलेले तीन लाख सोड, सही करतो.' नोव्हेंबरात त्याला पंधरा पूर्ण होतील. तो कर्नाटकात आहे, मग कोर्ट कुठलं? आणि मी आता त्याची सावत्र आई तरी आहे का?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, कर्नाटकाची काळजी सोडा आणि कॅलेंडर काढा. तुम्ही दोन्हीकडचे हिंदू आहात असं धरून सांगते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं दत्तक जाणाऱ्याला पंधरा पूर्ण झालेली नसावीत. हा कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे आणि तुमच्या बाबतीत कोर्टाची परवानगीही लागत नाही.

सावत्र आई म्हणून 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या वाटेनं जाऊ नका. तिथे सावत्र पालकानं मुलाच्या जन्मदात्यासोबत, म्हणजे जोडीनं अर्ज करायचा असतो, आणि तुमची जोडी तर मोडली. १९५६ च्या कायद्यात मात्र घटस्फोटित स्त्री एकटी दत्तक घेऊ शकते. तुम्हाला मुलगा नाही, मुलगी असल्यानं अडत नाही. तुमच्यात आणि त्याच्यात एकवीस वर्षांचं अंतर हवं, ते सत्तावीस आहे.

देणारे फक्त वडील. आजींनी कितीही जीव लावला असला तरी दत्तक देण्याचा हक्क त्यांना नाही. वडिलांच्या नव्या पत्नीची संमती लागत नाही.

आता ते तीन लाख. हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. दत्तकाच्या बदल्यात पैसे किंवा कसलाही मोबदला घेणं-देणं याच कायद्याच्या कलम १७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. येणे असलेले पैसे सोडून देणं हाही मोबदलाच. तेव्हा 'सोडलं' असं फोनवर, व्हॉट्सॲपवर, पाहुण्यांसमोर, कुठेही म्हणू नका. पैशांचा हिशेब वेगळा चालू द्या. ते अडून बसले तर मध्यस्थीला आजींनाच पुढे करा, मुलाचं मन त्या जाणतात.

वडील तयार झाले की चार माणसांदेखत मुलाला प्रत्यक्ष द्यायचं-घ्यायचं. दत्तहोम केलात तर छान, न केलात तरी दत्तक पक्कं. हे देणं-घेणं मात्र चुकवू नका, नुसत्या कागदावर दत्तक होत नाही. फोटो काढा. मग दत्तकपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. त्यावर देणारा आणि घेणारा, दोघांच्या सह्या असल्या की दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट गृहीत धरतं. नाही म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. सह्या बेळगावात केल्यात तर नोंदणी बेळगावात आणि मुद्रांक कर्नाटकाचा, कोल्हापुरात केल्यात तर महाराष्ट्राचा. मी आजींच्या गुडघ्यांचा विचार करून बेळगाव निवडेन.

एक गोष्ट त्या पोराला आधी समजावून सांगा. दत्तक झाल्यावर कायद्यानं तो वडिलांच्या घराण्यातून बाहेर पडतो आणि हे पुन्हा फिरवता येत नाही. त्याच्या नावावर आधीच काही झालं असेल तर ते त्याचंच राहतं.

नोव्हेंबर उलटला तर? आपल्याकडे मोठ्या वयाची, लग्न झालेली माणसंही रूढीनं दत्तक गेली आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयानं ती रूढी मानलीही आहे. पण त्यावर विसंबून राहिलात तर वाद कोर्टात गेल्यावर ती रूढी तुमच्या समाजात आहे हे तुम्हालाच शाबीत करावं लागू शकतं. पालकत्वाचा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली करता येतो. तो मात्र मूल राहतं तिथे, म्हणजे बेळगावच्या कोर्टात, आणि त्यानं तो तुमचा वारस होत नाही.

दत्तकपत्र हाती आलं की शाळेत नाव बदलायला लगेच अर्ज द्या. दहावीचा परीक्षा अर्ज एकदा जुन्या नावानं गेला की मग खेटे घालावे लागतात.