वेगासला आई-बाबांना घेऊन जायचंय, जुगार खेळायचा नाही. स्ट्रिपवर (मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर) परवडणारं हॉटेल कुठे बघावं?

तुमचा प्रश्न असा: जूनमध्ये आई-बाबा, तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी असे तीन रात्रींसाठी लास वेगासला जाताय. जुगारात कुणालाच रस नाही, बाबांचे गुडघे दुखतात, आणि मित्राला पूर्वी 39 डॉलरला मिळालेली खोली तुम्हाला आता 84 ला दिसतेय. मी कॅलिफोर्नियात राहतो. इथल्या मराठी घरांत भारतातून कुणी आलं की वेगासची फेरी ठरलेलीच असते, त्यामुळे हा हिशेब बऱ्याच जणांना मांडून दिलाय.

मित्राने 39 भरलेच नव्हते, एवढं मी पैजेवर सांगतो. वेगासमध्ये चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला असतो, आणि मसाल्याचं नाव रिसॉर्ट फी. मोठ्या हॉटेलांत ती रोजची साधारण 40 ते 55 डॉलर पडते. पोहायचा तलाव, वायफाय, व्यायामशाळा या नावाखाली घेतात. तुम्ही पाण्यात पाय बुडवला नाहीत तरी द्यावीच लागते. पूर्वी ती बुकिंगच्या शेवटी किंवा थेट काउंटरवर कळायची. मे 2025 पासून अमेरिकेत केंद्राचा नियम आला की सक्तीचं शुल्क धरूनच दर दाखवायचा. म्हणून तुम्हाला 39 अधिक 45 असे 84 दिसतायत. त्यावर कर 13 टक्क्यांहून थोडा जास्त, तो अजूनही शेवटी येतो, म्हणजे झाले 95. गाडी नेलीत तर बऱ्याच हॉटेलांत पार्किंगचे रोज वीसेक डॉलर आणखी, आणि ते ऐच्छिक असल्यामुळे दाखवलेल्या दरात नसतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ही फी खोलीमागे असते, माणशी नाही. पाच जणांना एका साध्या खोलीत बहुतेक हॉटेलं राहू देत नाहीत. चौघांना देतात, पण दर दोन मोठ्यांचा असतो आणि तिसऱ्या-चौथ्या मोठ्या माणसाचे वेगळे पैसे लावतात. दोन खोल्या घेतल्या की फीसुद्धा दोनदा. तेव्हा दोन खोल्यांचा एकूण आकडा काढा आणि त्याच्या शेजारी एखाद्या स्वीटचा (बैठकीची जागा असलेल्या मोठ्या खोलीचा) आकडा ठेवून बघा. कधी कधी स्वीट स्वस्त पडतो आणि लहानसं किचनही मिळतं. दोन खोल्याच घेणार असाल तर मधे दार असलेल्या खोल्या हव्यात हे फोन करून सांगा. तरीही मिळतीलच याची हमी कुणी देत नाही.

पैसे वाचवायचे तर हॉटेल बदलण्यापेक्षा वार बदला. शुक्रवार-शनिवारी जी खोली दुप्पट-तिप्पट दराने जाते, तीच रविवार ते गुरुवारच्या मधे निम्म्यात मिळते. रविवारी दुपारी पोचून बुधवारी निघा. मुलीची शाळा जूनमध्ये बंदच असेल, प्रश्न फक्त तुमच्या रजेचा. एखादं मोठं अधिवेशन असेल तर मात्र मधल्या वारांनाही भाव चढतात, म्हणून शहराच्या पर्यटन मंडळाच्या साइटवर अधिवेशनांचं कॅलेंडर आधी बघून घ्या. जानेवारीत सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन, नोव्हेंबरमध्ये फॉर्म्युला वनची शर्यत, या आठवड्यांत तर नावच काढू नका.

आता जागा. 'ऑन द स्ट्रिप' एवढ्यावर भुलू नका. स्ट्रिप सुमारे पावणेसात किलोमीटर लांब आहे. दक्षिण टोकाच्या लक्सर किंवा एक्सकॅलिबरमध्ये खोली स्वस्त मिळते, उत्तरेकडे सर्कस सर्कसमध्येही मिळते, आणि नकाशावर सगळं एकाच रस्त्यावर दिसतं. जूनमध्ये तिथे पारा सहज चाळिशीच्या वर जातो (7 जुलै 2024 ला 48.9 अंशांचा विक्रम झाला). त्या उन्हात बाबांना दोन 'जवळच्या' हॉटेलांमधलं अंतर चालायला लावू नका. त्यात तिथलं अंतर रस्त्यावर नाही, हॉटेलच्या आत जातं. लिफ्टमधून उतरलात की समोर कसिनो. नक्षीदार गालिचा, किणकिणणारी मशिनं, सिगारेटचा वास, आणि बाहेर जायची वाट नाकासमोर कधीच नसते. फुटपाथ दिसेपर्यंत दहा मिनिटं मोडतात. मुलगी सोबत असेल तर तिथून फक्त पुढे जायची मुभा असते. 21 वर्षांखालच्या कुणी मशिनपाशी रेंगाळलं तर सुरक्षारक्षक लगेच हटकतो. पणजीत कसिनो मांडवीत बोटींवर आणि हॉटेल काठावर, तशी फारकत इथे नाही.

म्हणून माझं मत: फ्लेमिंगो रोड स्ट्रिपला जिथे छेदतो, त्या चौकाच्या आसपासच राहा. बेलाजिओचं कारंजं, सीझर्स पॅलेस, पॅरिस हॉटेलचा मनोरा, सगळं तिथेच आहे. त्या भागात परवडणारी म्हणाल तर फ्लेमिंगो, लिंक, हॉर्सशू आणि हॅराज. फ्लेमिंगोच्या बागेत खरे रोहित पक्षी फुकट बघायला मिळतात, तुमच्या मुलीचा एक तास तिथे जाईल. मोनोरेलची स्थानकं या सगळ्यांच्या मागच्या बाजूला आहेत. ती विमानतळावर जात नाही, तेवढं लक्षात असू द्या. विमानतळ मात्र जवळ आहे, टॅक्सीचे दर स्ट्रिपच्या भागाप्रमाणे ठरलेले असतात.

आईंना धुराचा त्रास असेल तर मी पार्क एमजीएम घेईन. 2020 पासून ते संपूर्ण हॉटेल, कसिनोसकट, धूम्रपानमुक्त आहे, आणि तिथून बेलाजिओपर्यंत फुकट ट्राम धावते. गुडघ्यांनाही तेच बरं. व्हिडारा हॉटेलमध्ये तर कसिनोच नाही. मधल्या वारांचा दर बरा दिसला तर जरूर विचार करा. सिग्नेचरचंही नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेल. तेही कसिनोविना आहे, खोल्या ऐसपैस, पण एमजीएम ग्रँडमधून आत चालत जायचं अंतर बरंच आहे. बाबांसाठी नको. डाउनटाउनला फ्रीमाँट स्ट्रीटवर स्वस्ताई आहे, मजाही आहे, पण रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर ढणढण गाणी चालतात. तिकडे एका संध्याकाळी ड्यूस बसने जाऊन या, ती चोवीस तास असते.

खोलीत चहाची किटली बहुतेक ठिकाणी नसते. सकाळचा चहा खाली जाऊन घ्यायचा म्हणजे पुन्हा तोच कसिनो पार करायचा आणि लांबलचक रांगेत उभं राहायचं. अमेरिकेत घेतलेली किटली बॅगेत टाका. भारतातली 230 व्होल्टची तिथे धड तापत नाही. मिनीबारमधली चॉकलेटं नुसती उचलून बघितली तरी काही हॉटेलांत सेन्सरमुळे बिलावर चढतात, हे मुलीला पहिल्याच मिनिटाला सांगून ठेवा. आणि लॉबीत कुणी हसतमुखाने "शोची तिकिटं फुकट" म्हणत आई-बाबांना गाठलं, तर ते टाइमशेअरवाले, म्हणजे सुट्टीच्या घरातला हिस्सा विकणारे असतात. सकाळचे दोन-तीन तास त्यांच्या भाषणात जातात.

गाडी तिन्ही दिवस ठेवू नका, पार्किंगचेच पैसे भरत बसाल. हूवर धरण नि ग्रँड कॅन्यनसाठी एका दिवसापुरती घ्या. फक्त तिकीट काढताना नीट वाचा: काचेचा स्कायवॉक आहे तो ग्रँड कॅन्यन वेस्टला, वेगासहून दोन-अडीच तासांवर. फोटोंत बघतो ते साउथ रिम एका बाजूनेच साडेचार तास. आई-बाबांना साउथ रिमच दाखवायचं असेल तर वेगासची एक रात्र कमी करून ती विल्यम्स किंवा टुसायानला काढा.