नोकरी सोडून गेट पुन्हा देऊ का?

प्रश्न : ताई, मी सिव्हिल इंजिनिअर, वय 24, मिहानजवळ एका कन्सल्टन्सीत काम करून राहिली, पगार 22 हजार. यंदा फेब्रुवारीत गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, दिली, 100 पैकी 41 मार्क आले. क्वालिफाय झाली, पण मला स्ट्रक्चरमध्ये एमटेक करायचं आहे, तेही व्हीएनआयटी (नागपूरची एनआयटी) नाहीतर आयआयटीतून, आणि तिथं एवढ्यात होत नाही असं सगळे म्हणून राहिले. खरा अभ्यास दिवाळीनंतरच झाला, एन्व्हायर्नमेंट आणि ट्रान्सपोर्टेशन तर उघडूनही पाहिलं नव्हतं. मैत्रीण म्हणते जॉब सोड, पूर्ण वर्ष दे. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतात, भाऊ बारावीत आहे, बाबांचं म्हणणं एकदा दिली ना, आता बस झालं. आणि पुन्हा दिली अन् मार्क कमी आले तर हा स्कोअरही जाईल का, याचं वेगळंच टेन्शन.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आधी ते शेवटचं टेन्शन काढून टाक. गेटचा स्कोअर रिझल्ट लागल्यापासून 3 वर्षं चालतो, पुढच्या वेळी कमी आले म्हणून हा रद्द होत नाही, एमटेकच्या अ‍ॅडमिशनला हाच वापरता येतो. फक्त सरकारी कंपन्यांची भरती डोक्यात असेल तर ते वेगळं, तिथं बहुतेक ठिकाणी त्याच वर्षाचा स्कोअर मागतात. तुला एमटेक करायचंय, म्हणजे पुन्हा देण्यात हातचं काही जात नाही, जातो तो वेळ, आणि जॉब सोडला तर पगार.

आता देऊ की नको. हे 41 या आकड्यावरून नाही ठरत गं, आणि मैत्रिणीच्या किंवा बाबांच्या म्हणण्यावरून तर नाहीच. तुझी रिस्पॉन्स शीट (तू पेपरात दिलेली उत्तरं) आणि आन्सर की घे, रविवारी दार लावून बस आणि 65 च्या 65 प्रश्न एकेक करून बघ, गेलेला प्रत्येक मार्क कशामुळे गेला ते समोर लिही. येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, की वेळच पुरला नाही. माझ्याकडे येणारी मुलं रँक पाठ सांगतात पण ही शीट नीट बघितलेली फार थोडी असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सगळं उत्तर तिथंच असतं. डिफ्लेक्शन मिलिमीटरमध्ये विचारलं होतं आणि तू मीटरमध्ये टाकलं, असे दोन मार्कांचे तीन प्रश्न निघाले तर 6 मार्क तिथंच गेले. दोन मार्कांचा एमसीक्यू, म्हणजे पर्यायांचा प्रश्न, अंदाजानं ठोकला आणि चुकला तर वरून दोन तृतीयांश मार्क कापला जातो. न्यूमेरिकलला, म्हणजे जिथं उत्तराचा आकडा स्वतः टाकायचा असतो, तिथं मात्र निगेटिव्ह नाही, तरी कितीतरी जण ते कोरे सोडून येतात. आणि अ‍ॅप्टिट्यूडचे 15 अन् मॅथ्सचे साधारण 13 मार्क, म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा तर सिव्हिलच्या पुस्तकात नाहीच, तिथं तुझे किती आले ते आधी बघ.

सगळे विषय नीट करून, सरावाच्या टेस्ट देऊन, तरी 41 आले असते तर मी तुला थांब म्हटलं असतं, कारण त्याच पद्धतीनं अजून एक वर्ष घालून फार काही हलत नाही. तुझं तसं नाहीये. दोन अख्खे विषय न उघडता, तीनेक महिन्यांत, नोकरी करून 41. माझं मत स्पष्ट आहे, पुन्हा दे. पण राजीनामा आत्ता देऊ नको. एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत घरी बसून अभ्यास ऐकायला बरा वाटतो, पण बाबांच्या रिटायरमेंटच्या वर्षात घरातला प्रत्येक खर्च तुला स्वतःवरचं ओझं वाटायला लागेल आणि त्या मनानं टेस्ट चांगल्या जात नाहीत, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. हे दोन विषय सकाळी ऑफिसच्या आधी दीड-दोन तास बसून पावसाळा संपेपर्यंत होतात. सुट्ट्या आत्तापासून साठव, जानेवारी पूर्ण मोकळा कर, बिनपगारी रजा घ्यावी लागली तरी घे. तेही मिळत नाही म्हणाले तर डिसेंबरात सोडायचा विचार कर, तेव्हा टेस्टचे मार्क तुझ्या हातात असतील.

आणि यंदाचा स्कोअर तसाच पडू देऊ नको! एनआयटींचं अ‍ॅडमिशन सीसीएमटी या एकत्रित ऑनलाइन काउन्सेलिंगमधून होतं, त्यात फॉर्म भर, व्हीएनआयटीच नाही तर स्ट्रक्चर असलेल्या बाकी एनआयटीही टाक, आयआयटींना वेगळा अर्ज करावा लागतो तोही कर. तुझ्या मनातल्या दोन नावांच्या पलीकडे कुठं स्ट्रक्चरची सीट लागली तर माझ्या मते जावं, फुल टाइम एमटेकला गेटवाल्यांना महिन्याला 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, बाबांना हा आकडा सांग, त्यांना वाटत असेल की दोन वर्षं सगळा खर्च त्यांच्यावर येणार. नाही लागली सीट तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पुढच्या गेटचे फॉर्म सुटतात, सेंटर नागपूरच टाक.

अजून एक, टेस्ट देताना हातातला कॅल्क्युलेटर बंद कर. परीक्षेत स्क्रीनवरचाच वापरावा लागतो, माउसनं एकेक बटण दाबत, आणि सवय नसली की लांबलचक गणितात तिथंच वेळ जातो. गेटच्या साइटवर मॉक टेस्ट असते, तिथं तो मिळेल, आजपासून तोच वापर.