ठिपका जागचा हललाच नाही, मग शाई शुद्ध म्हणायची का?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या नववीच्या वहीत "एक ठिपका म्हणजे शुद्ध पदार्थ, जास्त ठिपके म्हणजे मिश्रण" असं लिहिलंय. घरी टिपकागदावर काळ्या बॉलपेनने ठिपका काढून कागदाचं टोक पाण्यात बुडवलं, तर पाणी वर चढलं पण ठिपका तिथेच राहिला. मग बॉलपेनची शाई शुद्ध पदार्थ आहे का?

नाही. मुळात तुमच्या प्रयोगात शाईची परीक्षा झालीच नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि कागदावर रंग वेगळे करण्याचा हा प्रयोग (पेपर क्रोमॅटोग्राफी) दरवर्षी मुलांकडून करून घेते. वहीतल्या त्या वाक्याचा अर्धा भाग पक्का आहे आणि अर्धा कच्चा, आणि नेमका कच्चा भागच मुलं घट्ट धरून बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाणी कागदातून वर चढतं तेव्हा ठिपक्यातल्या प्रत्येक रंगाची ओढाताण सुरू होते. कागद त्याला धरून ठेवू पाहतो, पाणी सोबत न्यायला बघतं. ज्याला पाणी जास्त मानवतं तो पुढे जातो, जो कागदाला जास्त चिकटतो तो मागे रेंगाळतो. पण यासाठी रंग आधी त्या द्रवात विरघळायला हवा. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे तिच्यात दोन रंग असोत की पाच, सगळे बसल्या जागी बसून राहतात. तोच ठिपका पाण्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये करून बघा (खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ नको). बहुतेक बॉलपेनांच्या काळ्या शाईतून जांभळा वेगळा निघालेला दिसतो. काही जेलपेनांची शाई मात्र स्पिरिटलाही दाद देत नाही, कारण तिच्यात रंगाचे बारीक कण नुसते मिसळलेले असतात, विरघळलेले नसतात.

उलट टोकालाही हीच फसगत होते. रंग पाण्यात इतका सहज विरघळला की पाण्याच्या कडेबरोबर थेट वर पोचला, तर तिथेही सगळे रंग एकत्रच गोळा होतात. ठिपका कागदाच्या मधल्या भागात कुठेतरी थांबला, तरच निकालाला अर्थ आहे.

मुलीला खरा प्रयोग दाखवायचा असेल तर खाण्याचा हिरवा रंग आणा, केकच्या सामानाच्या दुकानात मिळतो. बाटलीवरचं लेबल वाचा. बऱ्याचदा टार्ट्राझिन (पिवळा, क्रमांक १०२) आणि ब्रिलियंट ब्लू (निळा, क्रमांक १३३) असे दोन रंग लिहिलेले असतात. फिल्टर पेपरची पट्टी घ्या, खालून २ सेंमीवर पेन्सिलीने रेघ मारा. पेननेच मारली तर रेघेची शाईच वर चढायला लागते, आणि दरवर्षी कुणीतरी हे करतंच. रेघेवर टूथपिकच्या टोकाने रंगाचा अगदी बारीक ठिपका द्या, वाळू द्या, पुन्हा त्याच जागी द्या. ग्लासात चिमूटभर मीठ घातलेलं पाणी बोटभरापेक्षाही कमी घ्या. पाण्याची पातळी रेघेच्या खाली हवी, नाहीतर रंग कागदावर न चढता ग्लासात उतरतो. वर ताटली झाका.

आधी हिरव्या ठिपक्याच्या वरच्या कडेला निळसर झाक येते. मग निळा सुटून पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ पिवळा उरतो. हिरवा कुठेच शिल्लक राहत नाही. इतकी वर्षं बघूनही त्या क्षणाला मी ग्लासावर वाकतेच. इथे वहीतल्या वाक्याचा पक्का अर्धा भाग खरा ठरतो. दोन स्पष्ट, वेगळे ठिपके, म्हणजे मिश्रण. फक्त ठिपका मोठा दिला तर लांब शेपूट येतं, त्याला दुसरा ठिपका समजू नका.

पट्टी बाहेर काढल्याबरोबर पाणी कुठवर पोचलं तिथे पेन्सिलीने खूण करा, वाळल्यावर ते कळत नाही. समजा पाणी रेघेपासून ८ सेंमी चढलं आणि पिवळा ६ सेंमी, तर ६ भागिले ८ म्हणजे ०.७५. हा त्या रंगाचा आरएफ, म्हणजे पाण्याच्या मानाने रंग किती चढला त्याचा आकडा. शेजारी नुसत्या टार्ट्राझिनचा ठिपका चालवला आणि तो वेगळ्या उंचीवर थांबला, तर दोन्ही रंग नक्की वेगळे. त्याच उंचीवर थांबला, तर एकच असण्याची शक्यता आहे, एवढंच म्हणता येतं.

आता एकच ठिपका आला तर? दोन पदार्थ एखाद्या द्रवात योगायोगाने बरोबरीने चालू शकतात. याची जाणीव ही पद्धत घडवणाऱ्यांना सुरुवातीपासून होती. १९४४ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी प्रथिनांतली अमिनो आम्लं कागदावर वेगळी केली, तेव्हा एका द्रवात न सुटलेली आम्लं सोडवायला त्यांनी कागद वाळवला, काटकोनात फिरवला आणि दुसऱ्या द्रवात पुन्हा चालवला. पहिल्यात एकत्र राहिलेले ठिपके दुसऱ्यात अलग व्हायचे. शिवाय अमिनो आम्लं बिनरंगी असतात. निनहायड्रिन नावाचं रसायन फवारून कागद गरम केला की मगच बहुतेकांचे जांभळे डाग उमटतात. म्हणजे न फवारलेल्या कोऱ्या कागदावरही बरंच काही असू शकतं. तुमच्या हिरव्या रंगाच्या बाटलीत मीठ किंवा साखर असेल, तर ती या पट्टीवर दिसणारच नाही.

म्हणून मुलीच्या वहीत ते वाक्य खोडू नका, त्याच्या खाली तिला तिच्या शब्दांत लिहू द्या: कोणत्या द्रवात केलं, ठिपका हलला का, किती हलला, आणि दुसऱ्या द्रवातही एकच राहिला का. बॉलपेनची ती न हललेली पट्टीही स्पिरिटच्या पट्टीशेजारी चिकटवायला सांगा.