बोनेटवरचा तिरंगा आणि अंगणातली रेंगी

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र आणि त्यात लेकीने घातलेली चिठ्ठी, दोन्ही मिळालं. आर्णी तालुक्यात सहा एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. मुलगी अकरावी सायन्सला, गणितात बरी, पण प्रॅक्टिकलच्या वह्यांच्या मागच्या पानांवर नुसत्या गाड्याच गाड्या. तिला गाड्यांचं डिझाइन शिकायचं आहे. घरचे म्हणतात, गाडीचं काम म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आणि चित्रं काढून पोट भरत नाही. हे खरंच करिअर आहे का, त्याला परीक्षा कोणती आणि खर्च झेपेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

चिठ्ठीतला प्रश्न वेगळा आहे. "मॅडम, व्होल्वो पाहिली की स्वीडनची वाटते, मिनी पाहिली की इंग्लंडची. आपली गाडी पाहून भारत का आठवत नाही?" खाली तिने काढलेली एसयूव्ही आहे, बोनेटवर तिरंगी पट्टा आणि दारावर वारलीतली नाचणारी माणसं.

भाऊ, आधी तिला उत्तर देते. ते तुम्हीही वाचा. हे काम नेमकं काय असतं, ते त्यातूनच जास्त कळेल.

बेटा, तुझ्या चित्रातली चाकं, छताची रेघ, काचांचा तिरका उतार हे सगळं चांगलं जमलंय. पण तो पट्टा आणि ती वारली खोडून टाक, मग गाडीत भारत किती उरतो ते बघ. मला काहीच उरलेलं दिसलं नाही. खाली उभी आहे ती कुठल्याही देशाची एसयूव्ही. आणि वारली तर पालघर-डहाणूकडची. तू आर्णीची.

झेंडा लावणाऱ्या कंपन्या नाहीत असं नाही. मिनीच्या 2018 च्या मॉडेलपासून मागच्या दिव्यांत ब्रिटनच्या झेंड्याची अर्धी-अर्धी नक्षी आली. व्होल्वोच्या सीटच्या कडेला स्वीडनच्या झेंड्याची बोटभर पट्टी शिवलेली असते. पण मिनी ही मिनी झाली ती त्या दिव्यांमुळे नाही. 1956 मध्ये सुएझ कालव्याचा पेच झाला, इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई आली, आणि कमी पेट्रोल पिणारी, कमी जागा अडवणारी गाडी हवी झाली. अलेक इसिगोनिस या डिझायनरने इंजिन आडवं बसवलं, चाकं पार चार कोपऱ्यांत ढकलली आणि जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसांची सोय केली. 1959 मध्ये ती बाजारात आली. तो चौकोनी, ठेंगणा, गोड चेहरा त्या अडचणीतून आला. आणि हा इसिगोनिस जन्मला कुठे? स्मिर्नात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरमध्ये. आज मिनी कंपनीही जर्मनीच्या बीएमडब्ल्यूची आहे.

व्होल्वोचंही तसंच. कंपनी 1927 पासूनची, गोथेनबर्गची. 2010 पासून मालक चीनची जीली कंपनी. 2014 साली नवी एक्ससी90 आली, तिच्या हेडलाइटमध्ये आडव्या टीसारखा उजेड आहे, त्याला त्यांनी थॉरचा हातोडा असं नाव दिलं. थॉर हा उत्तरेकडच्या जुन्या कथांतला मेघगर्जनेचा देव. आतमध्ये फिकं लाकूड, उजळ रंग, गिअरची मूठ ओरेफोर्सच्या स्वीडिश काचेची. जिथे हिवाळ्यात दिवस चार-सहा तासांचा असतो तिथल्या माणसाला घरात उजेड हवा असतो, तो उजेड त्यांनी गाडीत आणला. हे घडवणारा त्या वेळचा डिझाइनप्रमुख थॉमस इंगेनलाथ होता, आणि तो जर्मन.

म्हणजे बघ, डिझायनर परका, मालक परका, तरी गाडी स्वीडनची वाटते. देशीपण रक्तातून येत नाही. तिथे कसं जगतात हे कोणीतरी बारकाईने पाहतं आणि त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं ते ठरवतं. याच ठरवण्याचा पगार मिळतो.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती फ्रान्सची सिट्रोएन टू-सीव्ही. तू शेतकऱ्याघरची आहेस म्हणून ही गोष्ट सविस्तर सांगते. 1930 च्या दशकात त्या कंपनीचा प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे याने आपल्या माणसांना काम दिलं ते असं: दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन ताशी साठ किलोमीटरने जाईल अशी गाडी करा. नांगरलेल्या वावरातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटायला नको. डोक्यावर हॅट ठेवून बसता आलं पाहिजे. आता याच अटींतून रूप कसं आलं बघ. हॅटसाठी छत उंच आणि गोल. वजन आणि खर्च कमी करायचा म्हणून छताला कापड, ते गुंडाळून उंच सामान उभं करता येईल. पातळ पत्र्याला ताकद यावी म्हणून बोनेटवर आपल्या टिनाच्या छपरासारख्या नाळ्या. अंडी वाचवायला इतकं मऊ सस्पेन्शन की वळणावर गाडी होडीसारखी कलते. 1948 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती दाखवली तेव्हा पत्रकारांनी टिंगल केली. पुढे ती 1990 पर्यंत बनत राहिली आणि अख्खं जग तिला फ्रान्सची ओळख मानतं. तिचं रूप घडवणारा फ्लामिनियो बेर्तोनी हा मूळचा शिल्पकार, तोही इटालियन. तिच्या अंगावर कुठेही झेंडा नाही.

आता आपल्याकडे ये. अॅम्बेसेडर आठवते का? तुझ्या बाबांना नक्की आठवेल. लाल दिव्याची, पांढरी, कलेक्टरसाहेबांची. ती मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने बंगालमध्ये उत्तरपाड्याला ती 1950 च्या दशकाच्या शेवटापासून 2014 पर्यंत बनवली आणि ती भारताची झाली. मागे तिघं मांडी घालून बसू शकतात, सरळ बसून फेटा-टोपी ठेवता येते, खड्ड्यात आदळली तर कुठलाही मिस्त्री दुरुस्त करतो, म्हणून. टाटाचं एस हे छोटं मालवाहू वाहन 2005 मध्ये आलं, त्याला "छोटा हाथी" लोकांनीच म्हटलं. नाव पडतं ते असं.

महिंद्राची कहाणी तर आणखी बोलकी आहे. या कंपनीने गाड्यांची सुरुवातच अमेरिकन जीप इथे जोडून केली. त्या जीपचा वारसा तिच्या गाड्यांत उतरला. 2018 मध्ये तिने अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी विकायला काढली, तेव्हा जीपच्या मालकांनी तक्रार केली की हा चेहरा आमचा आहे. 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने रॉक्सर आणायला बंदी केली. मग महिंद्राने पुढचा भाग बदलला. नाक, डोळे, अंगाची ठेवण यांचीही मालकी असते बेटा, त्यावर खटले चालतात. म्हणून आपला चेहरा आपणच घडवावा लागतो, आणि त्यासाठी माणसं लागतात.

झेंड्याबद्दल आणि देशाच्या नावाबद्दलही इटलीचा कायदा सावध आहे. 2024 मध्ये इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीने पोलंडमध्ये बनणाऱ्या गाडीला "मिलानो" हे इटलीतल्या शहराचं नाव दिलं, इटलीच्या सरकारने आक्षेप घेतला, आणि काही दिवसांत तिचं नाव "ज्युनिअर" झालं. त्याच वर्षी मोरोक्कोत बनलेल्या फियाटच्या 134 छोट्या टोपोलिनो इटलीच्या बंदरात अडवल्या, कारण दारावर इटलीच्या झेंड्याचं स्टिकर होतं. स्टिकर सोलून काढता येतं. टू-सीव्हीचं छत सोलता येत नाही.

मग भारतीय गाडी कशी दिसावी? ते तू शोधायचं आहेस, मी फक्त कुठे बघायचं ते सांगते. आर्णीच्या स्टँडवर काळी-पिवळीपाशी तासभर उभी राहा. लुगडं नेसलेली म्हातारी चढते तेव्हा हात कुठे धरते, आधी कोणता पाय टाकते? मांडीवरचं पोर कुठे ठेवते? कापसाच्या दिवसांत कोण काय सोबत घेऊन येतं? मे महिन्यात काळ्या रेक्झिनच्या सीटवर दुपारी बसवत नाही, तरी आपल्या गाड्यांच्या सीट काळ्या का? मला विचारशील तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सुती, फिकट, धुता येणारी सीट हीच विदर्भाची खरी लक्झरी. जपानच्या सम्राटाच्या टोयोटा सेंच्युरीत लोकरी कापडाच्या सीट असतात, कातड्याचा आवाज होतो म्हणून. त्यांनी त्यांच्या सवयीचं ऐकलं.

भाऊ, आता तुमच्याकडे वळते.

हो, हे करिअर आहे. पण जागा कमी आहेत, हे आधीच सांगून ठेवते. टाटाचा आणि बजाजचा स्टुडिओ पुण्यात, महिंद्राचा मुंबईत, टीव्हीएस होसूरला, रॉयल एनफिल्ड चेन्नईला. स्टुडिओत फक्त बाहेरचं रूप काढणारे नसतात. खास मातीचं पूर्ण आकाराचं मॉडेल घडवणारे असतात, कॉम्प्युटरवर पृष्ठभाग केसाइतका गुळगुळीत करणारे, रंग-कापड-पोत ठरवणारे, दिवे आणि स्क्रीन करणारेही असतात. तुमची लेक यातल्या कशात रमेल ते आज कोणी सांगू शकत नाही. गाडीत नाही जमलं तरी हीच विद्या ट्रॅक्टर, पंप, भांडी, दवाखान्याची यंत्रं यांना लागते.

मेकॅनिकलवाल्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. रामकृपा अनंतन यांचं नाव लेकीला लिहून ठेवायला सांगा. त्यांनी बिट्स पिलानीत मेकॅनिकल केलं, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात शिकल्या. 1997 मध्ये महिंद्रात लागल्या, बोलेरो-स्कॉर्पिओच्या आतल्या भागापासून सुरुवात केली आणि 2011 च्या एक्सयूव्ही500 चं डिझाइन त्यांच्या नेतृत्वाखाली झालं. दुसरी वाट प्रताप बोस यांची. ते अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले, टाटाच्या टियागो, नेक्सॉन त्यांच्या काळातल्या.

म्हणजे वाटा दोन. बारावीनंतर थेट डिझाइनची पदवी घ्यायची असेल तर आयआयटीसाठी यूसीड आणि एनआयडीसाठी डॅट या परीक्षा द्याव्या लागतात. कुठल्याही शाखेची बारावी चालते. यूसीडचा अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि परीक्षा जानेवारीत, संधी दोनच. एक भाग कॉम्प्युटरवर, एक हाताने चित्र काढण्याचा. पेपर इंग्रजीत असतो, म्हणून रोज अर्धा तास इंग्रजी वाचन आतापासून. दुसरी वाट, अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजसारख्या ठिकाणी मेकॅनिकल करायचं आणि मग सीड ही परीक्षा देऊन आयडीसीत किंवा डॅट देऊन एनआयडीच्या गांधीनगर केंद्रात वाहन डिझाइनची पदव्युत्तर पदवी. माझं मत विचाराल तर तिने गणित सोडू नये, सीईटीही द्यावी आणि यूसीडही. यूसीड-डॅटमधून थेट प्रवेश मिळाला तर तो घ्यावा, नाही मिळाला तर मेकॅनिकलची चार वर्षं वाया जात नाहीत, त्यात ती गाडीचे सांधे शिकेल. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली असेल तर ते प्रमाणपत्र जपून ठेवा, पण या प्रवेशांना त्यापेक्षा तिच्या वह्या जास्त कामी येतील. एकही पान फाडू देऊ नका.

खर्चाचं मोकळेपणाने बोलू. खासगी डिझाइन कॉलेजांची फी अनेकदा सहा एकर कोरडवाहूला पेलणारी नसते. त्यासाठी वावर गहाण टाकू नका, हे मी हात जोडून सांगते. सरकारी संस्थांत उत्पन्न आणि प्रवर्गानुसार सवलती असतात, प्रवेशाच्या वर्षीचं माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे या, सोबत वाचू. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. ओबीसीत असाल तर नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. दरवर्षी आपल्याकडची दोन-चार मुलं याच कागदापायी ऐनवेळी धावाधाव करतात.

बेटा, आता तुला काम. तू लिहिलंस, आजोबांची जुनी रेंगी, म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी, अजून अंगणात पडून आहे. तिचं बाजूने चित्र काढ, टेप लावून मापं घेऊन. चाक माणसाच्या कमरेपर्यंत का येतं? काळ्या मातीत पाऊस पडल्यावर लहान चाकाचं काय होतं, ते टायरच्या बंडीवाल्याला विचार. बसणाऱ्याचं वजन बैलांच्या मानेवरच्या जुवावर किती येतं आणि चाकांच्या कण्यावर किती? मग काळी-पिवळीत चढणाऱ्या दहा माणसांची दहा भरभर चित्रं काढ, चेहरे नकोत, फक्त हात, पाय आणि पाठ. रंग भरू नकोस. पोळ्याच्या सुटीत सुरू कर आणि दिवाळीच्या आत मला पाठव.

आणि गावातल्या वाढईकाकांना विचार की चाकाला आरे तेवढेच का बसवतात, एक कमी का नाही. ते काय म्हणतात ते मलाही लिहून कळव.