सेट यायच्या आधीचे गुण

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मॅजिक या कार्डांच्या खेळाचा नवा सेट, म्हणजे नव्या कार्डांचा संच, अजून आलेला नाही, त्यातल्या एका कार्डाला दोन नावाजलेल्या खेळाडूंनी पाचपैकी साडेचार गुण दिलेत, आणि तू अरेनावर, म्हणजे मॅजिकच्या ऑनलाइन खेळात, साठवलेली सगळी रेअर वाइल्डकार्डं (एक दिलं की हवं ते रेअर कार्ड बनतं) पहिल्याच रात्री त्यावर उधळायला निघालास. वर विचारतोस, भाव चढायच्या आत चार कागदी प्रती पुण्याहून कुरिअरने मागवू का? थांब रे भो.

रिव्ह्यू करणारा माणूस हुशार असतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्यापुढे दोन-अडीचशे कार्डं असतात, वेळ थोडा असतो, आणि त्यातली बहुतेक कार्डं त्याने मुरलेल्या डेकांविरुद्ध, म्हणजे खेळाडूंनी निवडून रचलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांविरुद्ध, खेळून पाहिलेली नसतात. मग तो नवं कार्ड आजच्या डेकांशेजारी ठेवून अंदाज बांधतो. सेट आला की ते डेकच बदलतात. आपल्याकडे चोपड्याच्या बागायतीत बोंडांनी लगडणारं कापसाचं वाण पारोळ्याच्या कोरडवाहू रानात मान टाकतं. पाकिटावरचं चित्र दोन्हीकडे सारखंच असतं. तुझ्या आजोबांनी नवं वाण पहिल्याच हंगामात सगळ्या रानात लावलं होतं का, विचार एकदा.

नेक्रोपोटेन्सचं घे. मॅजिकच्या १९९५ च्या आइस एज सेटमधलं हे कार्ड. तीन काळे माना (माना म्हणजे कार्ड खेळायला मोजावी लागणारी जादूची शक्ती) द्यायचे, दर टर्नला मिळणारं हक्काचं कार्ड सोडून द्यायचं आणि वर प्रत्येक जादा कार्डामागे एक लाइफ मोजायचं, आणि लाइफ संपलं की हार. आधीच वीस लाइफ, त्यातलं आपल्याच हाताने कमी करायचं? बऱ्याच लोकांनी ते बाजूला टाकलं. त्यात एक खरी अडचणही होती. तेव्हा ब्लॅक व्हाइस नावाचं कार्ड जोरात होतं आणि ज्याच्या हातात जास्त कार्डं त्याला ते मारायचं. म्हणजे हात भरून घेणाऱ्याची आयतीच शिकार. पुढे ब्लॅक व्हाइसवर मर्यादा आली आणि १९९६ च्या उन्हाळ्यात नेक्रोच्या डेकांनी असा धुमाकूळ घातला की खेळाडू त्या मोसमाला आजही ‘ब्लॅक समर’ म्हणतात. कार्डावरचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

डेथ्स शॅडोला तर सात वर्षं लागली. २०१० चं कार्ड, एका काळ्या मानात १३/१३ चा प्राणी (मारायची ताकद १३, सोसायची १३), पण तुझं जितकं लाइफ तितके दोन्ही आकडे कमी. वीस लाइफ असताना ते टेबलावर ठेवलं की तिथेच मेलं. लोक हसले, कार्ड चिल्लरच्या डब्यात गेलं. मात्र मॉडर्नमध्ये, म्हणजे बरीच जुनी कार्डंही चालतात त्या खेळप्रकारात, फेच लँड (लँड म्हणजे मानासाठीचं कार्ड) एक लाइफ घेते, शॉक लँड दोन घेते, थॉटसीझ हे कार्ड दोन घेतं, स्ट्रीट रेथ हे आणखी दोन घेतं. ही चांगली कार्डं खेळता खेळता लाइफ आपोआप उतरतं, आणि सगळे ज्याला तोटा समजत होते त्यावरच डेक उभा राहतो. २०१७ मध्ये त्याच डेकने मॉडर्नमध्ये भल्याभल्यांना घाम फोडला.

दोन्ही कार्डांत किंमत ढळढळीत दिसते आणि फायदा दुसऱ्या कार्डांत दडलेला असतो. अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. लाइफ जातं, हात टाकावा लागतो, ड्रॉ सोडावा लागतो, असं कारण देऊन कमी गुण दिलेले दिसले की त्या कार्डाशेजारी पेन्सिलीने खूण कर. लायन्स आय डायमंड नावाच्या कार्डालाही ‘अख्खा हात फेकून तीन माना कोण घेईल?’ असंच म्हणायचे.

उलट बाजूला टिबॉल्ट नावाचं कार्ड आहे. २०१२ मध्ये आलेला, दोन मानातला पहिलाच प्लेन्सवॉकर, म्हणजे टेबलावर राहून दर टर्नला एक करामत करणारं कार्ड. आधीचे स्वस्तातले प्लेन्सवॉकर तीन मानाचे होते, म्हणून लोकांनी आकडा पाहिला आणि भाव चढवला. एक कार्ड घेऊन दुसरं चिठ्ठी उचलल्यासारखं फेकणं, एवढंच त्याच्याकडून होतं, हे खेळायला बसल्यावर कळलं. तुझ्या साडेचार गुणांच्या कार्डाचा मला हाच संशय येतो. तू पाठवलेल्या दोन्ही रिव्ह्यूंमध्ये ते कोणत्या जुन्या कार्डासारखं दिसतं हे भरपूर सांगितलंय, कोणत्या डेकमध्ये कोणाला काढून बसवायचं ते कुठेच नाही.

आणि बनवणाऱ्यांचं तरी काय! स्कलक्लॅम्प हे कार्ड फेब्रुवारी २००४ मध्ये आलं आणि जूनमध्ये स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त अलीकडच्या सेटांच्या खेळप्रकारातून, बॅन झालं. ओको हा प्लेन्सवॉकर ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, नोव्हेंबरात गेला. दोन्ही कार्डांत शेवटी शेवटी बदल झाले आणि त्यांची खरी ताकद कंपनीच्या आतल्या परीक्षकांच्या नजरेतून निसटली. मूठभर परीक्षक महिनोन्‌महिने जे पाहतात, त्याहून जास्त सामने बाहेरचे खेळाडू पहिल्या शनिवार-रविवारीच खेळून टाकतात.

म्हणून निदान पहिले दोन आठवडे वाइल्डकार्डांना हात लावू नकोस. अरेनावर बनवलेलं कार्ड मोडून परत काही मिळत नाही. कागदी कार्डांसाठी झेरॉक्सवाल्याकडून प्रॉक्सी, म्हणजे कार्डाच्या नकला, काढ, जुन्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये घाल आणि रविवारी भुसावळला आपल्या मंडळींसोबत खेळून बघ. त्याआधी वहीत दहा कार्डं लिही. गुण नकोत. कोणत्या डेकमध्ये, कितव्या टर्नला, कोणाविरुद्ध, एवढंच. महिन्याने मला दाखव. चुकलं असेल तिथे डेक ओळखण्यात चुकलं की कार्ड वाचण्यात, ते आपण दोघं बसून बघू.

रिव्ह्यू वाचूच नकोस असं मात्र नाही. ड्राफ्टसाठी, म्हणजे पाकिटं फोडून त्यातल्याच कार्डांतून डेक रचायच्या खेळासाठी, ते बरेच कामाचे असतात, कारण तिथे त्याच सेटची कार्डं एकमेकांशी भिडतात आणि प्राणी मारणारं स्वस्त कार्ड बहुतेक वेळा चांगलंच ठरतं.

आणि पहिल्या रात्री हात अगदीच शिवशिवत असतील, तर दोन रंगांचे माना देणाऱ्या चांगल्या लँड्स बनव. तू उद्या कुठलाही डेक धरलास तरी त्या लागतीलच.

तुझा,
दादा