प्रसाद घ्यावा का, आणि उपासनेनंतर चहाला कुणाशेजारी उभं राहावं?

वाचकहो, सलाम. या वेळी ख्रिस्ती घरांतनं पत्रं बरीच आली, त्यातली चार घेतलीत. नावं कुणाचीच दिली नाहीत. कोल्हापूर लहान आहे, शाहूपुरीत शिंकलं की नागाळा पार्कात ऐकू जातं.

प्रश्न : ताई, मी गोकुळ शिरगावला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहे. खंडेनवमीला प्रत्येकानं आपापल्या मशीनची पूजा करायची, हार घालायचा, नारळ फोडायचा. गेल्या वर्षी मी नुसता बाजूला उभा राहिलो, प्रसादपण घेतला नाही, तेव्हापासून शिफ्टमधली पोरं तुटक वागतात. आणि आमच्या घरगुती प्रार्थनासभेतले एक भाऊ म्हणतात तू तिथं उभा राहिलास हेच चुकलं, रजा टाकायची होतीस. दोन्हीकडनं मार. काय करू?

उत्तर : रजा टाकू नको, हे आधी सांगते. वर्षभर ज्यांच्याबरोबर डबा खातोस त्यांच्या आनंदाच्या दिवशीच नेमका गायब व्हायचं, यानं येशूची साक्ष कसली होणार, उलट पोरं म्हणणार आपला बाट होतो का काय याला.

आता मुद्द्याचं. तू पूजा आणि प्रसाद एकाच पिशवीत टाकलायस, ते आधी वेगळं कर. हाच प्रश्न करिंथ शहरातल्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी, येशूचा प्रेषित पौल याला विचारला होता, कारण तिथं बाजारात मिळणारं बरंचसं मटण देवळातल्या बळीचं असायचं आणि कुठलं कशाचं ते कळायला मार्ग नाही. आणि पौल काय लांब बसून उपदेश करणारा माणूस नव्हता, त्याच करिंथात तो दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून पोट भरलं, म्हणजे कारागिरांच्यात बसणं-उठणं त्याला चांगलं ठाऊक होतं. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा आणि दहावा अध्याय, दोन्ही एकत्र वाच, लोक एकच वाचतात आणि भांडतात. तो म्हणतो, देवळातल्या पंक्तीला भागीदार म्हणून बसू नका. पण बाजारातलं विकत घेताना चौकशा करत बसू नका, आणि कुणी घरी जेवायला बोलावलं तर पुढं येईल ते खा. फक्त समोरच्यानं मुद्दाम सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. तुझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी, हे लक्षात घे.

म्हणजे हार घालणं, ओवाळणं हे तू करू नकोस, त्यात माझ्या मनात शंका नाही. पण ते ऐन वेळी तोंड फिरवून सांगायचं नसतं, आठ दिवस आधी सुपरवायझरला बाजूला घेऊन सरळ सांग की साहेब माझ्या विश्वासात हे बसत नाही, पण मशीन पुसणं, कूलंट बदलणं, शॉप झाडून काढणं सगळं मी करतो, खुर्च्यापण मीच लावतो. कोल्हापूरचा माणूस सरळ बोललेलं ऐकून घेतो, आडून वागलेलं त्याला चालत नाही. प्रसादाचं म्हणशील तर माझं मत असं की कुणी मायेनं पेढा हातावर ठेवला तर तो पेढा आहे. पण 'बघू आता हा घेतो का' असं चाललं असेल तर हसून नको म्हण आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच डब्यातली भाजी मागून खा. सगळे ख्रिस्ती माझ्याशी सहमत होणार नाहीत, माहितेय मला. तुझं मनच खात असेल तर घेऊच नको. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दोघांनाही दम दिलाय, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये. ही दुसरी ओळ त्या भावांना वाचून दाखव.

आणि नाताळात करंज्या-चकल्यांचा मोठा डबा शिफ्टला घेऊन जा. बघ, या डब्यावर कुणी काय प्रार्थना केली असं एकही पोरगं विचारणार नाही.

प्रश्न : आम्ही मूळचे गडहिंग्लज भागातले, मिस्टरांच्या नोकरीमुळं कोल्हापूरला आलो. चर्चला एक रविवार चुकत नाही. पण अजून आम्ही पाहुणेच. उपासना संपली की चहाला सगळे आपापल्या घराण्यातल्या लोकांत उभे राहतात, आम्ही चौघं भिंतीकडं. महिला मंडळात नाव दिलं, पण काम त्याच त्या बायकांना. हे बोललं तर कुरकुर केली असं होईल का?

उत्तर : नाही होणार ताई. आणि झालं तरी होऊ द्या. पहिल्या मंडळीतली पहिली मोठी तक्रार हीच तर होती. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेत रोज गरजूंना अन्नवाटप व्हायचं आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्या, म्हणजे बाहेरून येऊन राहिलेल्या घरातल्या विधवांकडं दुर्लक्ष व्हायला लागलं, गाववाल्या विधवांना मात्र बरोबर मिळायचं. कुरकुर सुरू झाली. मेलेल्यांतून उठलेल्या येशूला डोळ्यांनी बघितलेली माणसं पुढारी होती, तरी पंक्तीत वाढताना असं झालं, म्हणून आपल्यात झालं याचं मला नवल वाटत नाही.

नवल पुढं आहे. प्रेषितांनी 'प्रार्थना करा, सहन करा' असं सांगून तक्रार मिटवली नाही. सात जण निवडायला लावले आणि वाटपाचं सगळं काम त्यांच्या हातात दिलं. त्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं. शेवटचा तर अंत्युखियाचा, जन्मानं यहूदीसुद्धा नव्हता, नंतर त्या धर्मात आलेला. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कोठाराची किल्ली दिली! आपल्याकडं काय करतो आपण, तक्रार आली की एक समिती नेमतो आणि समितीत तीच ती आडनावं.

हे वाचणाऱ्या पंचांना, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांना, माझी विनंती आहे, रागावू नका पण पुढच्या वेळी ईस्टरच्या जेवणाचं काम, संडे स्कूलच्या सहलीचं काम, हिशोबाच्या वहीसकट, गेल्या काही वर्षांत आलेल्या घरांना देऊन बघा. नुसतं 'मदतीला या' नव्हे, मदतीला बोलावणं म्हणजे कांदे चिरायला बोलावणं. आणि कोण जुनं कोण नवं म्हणायचं झालं तर रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले तेव्हा इथं मिशनचं काम सुरू झालं, ज्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आहे ते स्वतःच बाहेरगावचे. आज जी जुनी घराणी म्हणवतात त्यांतल्या कितीतरी जणांचे पणजोबा कुठल्यातरी खेड्यातनं, घरादाराला पारखे होऊन इथं आले आणि त्यांना कुणीतरी घरात घेतलं.

ताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी. पाळकसाहेबांना घरी चहाला बोलवा आणि जसं मला लिहिलंत तसंच त्यांना सांगा, पत्रात लिहिलंय त्यात एक शब्द कडवट नाही. आणि रविवारी भिंतीकडं उभ्या राहता तिथं अजून कोण उभं असतं ते बघा. एखादी नर्सिंगची मुलगी असेल, हॉस्टेलवर राहणारी, एखादे एकटे आजोबा असतील. चहा त्यांच्याबरोबर घ्या, जेवायला घरी न्या. जुन्या लोकांनी आत घ्यायची वाट बघत बसायला पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : घराचा हप्ता, मुलाची फी, आईची औषधं. चर्चला द्यायचा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, निघत नाही. दान न देता चर्चला जायची लाज वाटते.

उत्तर : हातउसनं काढून दान देऊ नका, एवढंच. पौलानं करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहिलंय की ज्यानं त्यानं मनात ठरवलं तसं द्यावं, नाइलाजानं नव्हे. आईची औषधं बंद करून दान दिलेलं येशूला आवडलं नसतं, आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणणाऱ्यांना त्यानं मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलं झापलंय. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि ते गोळा करून मंडळीला देतात, तेवढ्यावर तिथं मोठमोठी कामं उभी राहिलीत. तुम्हाला मूठभर जमेल. लाज कशाची त्यात.

प्रश्न : पंचांच्या निवडणुकीत माझा चुलतभाऊ पडला, त्याला वाटतं मी त्याच्याविरुद्ध मतं फिरवली. मी तसं काही केलेलं नाही. आता तो रोज मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत, खोटे बंधू असली वचनं टाकतो, सगळ्यांना कळतं कुणासाठी आहे ते. मीपण उत्तरादाखल दोन वचनं टाकली. आता घरच्या बायकापण बोलत नाहीत. दुसऱ्या चर्चला जावं म्हणतोय.

उत्तर : वचनांचे दगड करून एकमेकांच्या काचा फोडायचं हे जे चाललंय ना, ते आधी तुमच्या बाजूनं थांबवा. टाकलेली दोन वचनं डिलीट करा आणि ग्रुप महिनाभर म्यूट करा.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय. आधी एकट्यानं जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढं. आपण उलटं करतो, पहिलाच बॉम्ब मंडळीच्या ग्रुपवर. तुम्ही म्हणाल चूक त्याची, मी का जाऊ? तर पाचवा अध्याय बघा, वेदीपुढं दान आणलं आणि तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. भावाच्या मनात! तो बरोबर का चूक हे तिथं विचारलेलंच नाही. आणि हे येशू बोलला गालीलात, वेदी होती यरुशलेमेत, मधे कितीतरी दिवसांची चाल. तिथंवर जायचं, दान ठेवायचं, घरी परत यायचं, भांडण मिटवायचं आणि पुन्हा जायचं. तुमचा भाऊ कसबा बावड्यात राहतो, केएमटीच्या बसनं जाता येतं.

रविवारी जाऊ नका, रविवारी सगळे इस्त्रीचे कपडे आणि इस्त्रीचे चेहरे घालून असतात. मधल्या वारी संध्याकाळी जा, एकटे, बायकोलापण नेऊ नका. 'मी मतं फिरवली नाहीत, पण तू पडल्यावर मी तुला एक फोनसुद्धा केला नाही' एवढंच म्हणा, खरं असेल तर. नसेल ऐकत तर दुसऱ्यांदा दोघांना घेऊन जा, पण ते दोघं तुमच्या बाजूचे नकोत, तो ज्यांना मान देतो अशी माणसं बघा. तिसरी पायरी पाळकसाहेबांवर सोडा. त्याच उताऱ्यात शेवटी 'तो तुला जकातदारासारखा होवो' असं आहे, म्हणजे लोक ज्याला दूर ठेवायचे त्या कर वसूल करणाऱ्यासारखा, ते वाक्य बऱ्याच जणांना फार आवडतं, संबंध तोडायला परवानगी मिळाल्यासारखं वाटतं. पण ते ज्याच्या शुभवर्तमानात आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता आणि येशू त्याच्या घरी जेवायला बसला होता.

दुसऱ्या चर्चचं पुढच्या वर्षी बघू. चुलतभाऊ तिथंही लग्नामयताला भेटणारच आहे.