पडद्यावरची फाइल आणि कचेरीतली फाइल

शोधपत्रकारितेवरचे चित्रपट आणि मालिका पाहून सीमाभागातल्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत.

प्रश्न : सिनेमात रात्री कोणीतरी लिफाफा आणून देतं आणि सकाळी मंत्र्याची खुर्ची जाते. आमच्या गावचा रस्ता डोळ्यादेखत बोगस झाला, सगळ्या गावाला माहीत आहे. तरी पेपरवाले छापत नाहीत. असं का?
— खानापूर तालुक्यातील एक वाचक

'सगळ्यांना माहीत आहे' हे छापता येत नाही. बातमी खोटी ठरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा खटला उभा राहतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या खटल्यात 'खरं होतं' एवढं म्हणून भागत नाही, ते लोकहितासाठी छापलं हेही दाखवावं लागतं. म्हणून संपादक आधी कागद मागतो.

कागद कसा शोधायचा हे नीट दाखवणारा चित्रपट म्हणजे 2015 चा 'स्पॉटलाइट'. बॉस्टन ग्लोब या दैनिकाने चर्चमधल्या बालकांच्या लैंगिक शोषणावर 6 जानेवारी 2002 पासून जी मालिका छापली, तिची ही कथा. त्यातला मोठा शोध तिजोरीत नव्हता, तो ग्रंथालयातल्या फडताळात उघडा पडून होता. चर्च दरवर्षी आपल्या धर्मगुरूंची निर्देशिका छापत असे. तक्रार झालेल्या धर्मगुरूच्या नावापुढे 'आजारपणाची रजा' किंवा 'नेमणूक नाही' असा शेरा यायचा. पत्रकारांनी वर्षावर्षाच्या निर्देशिका काढल्या, पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली, शेरे तक्त्यात भरले. यादी 87 नावांवर गेली. पट्टी ठेवून वाचण्याचं ते दृश्य पुन्हा पाहा. या कामाचं त्याहून खरं चित्र पडद्यावर क्वचितच दिसतं.

आता तुमचा रस्ता. समजा 500 मीटर लांब, 3.75 मीटर रुंद आणि खडीचा थर 15 सेंटिमीटर असं अंदाजपत्रकात आहे. 500 × 3.75 × 0.15 म्हणजे 281 घनमीटर. एक ब्रास 2.83 घनमीटरचा, म्हणजे जवळजवळ 100 ब्रास. दोन ब्रासचा टिपर धरला तर 50 खेपा. शिवाय हे रोलर फिरवून बसलेल्या थराचं माप आहे. सुटी खडी दाबल्यावर बसते, त्यामुळे प्रत्यक्षात खेपा 50 पेक्षा जास्तच लागतात. गावकऱ्यांनी 20 टिपर पाहिले असतील आणि मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी.त, 281 घनमीटर लिहिलं असेल, तर तिथे बातमीचं पहिलं टोक सापडतं. पण ते फक्त टोक. खेपा मोजून कोणी लिहून ठेवल्या होत्या का, असं वकील विचारणारच.

म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज करा. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा दोन रस्ते एकाच अर्जात कोंबू नका. अंदाजपत्रक, कामाचा आदेश, एम.बी.ची संबंधित पानं, अंतिम बिल, गुणवत्ता तपासणीचा अहवाल आणि बिलाला जोडलेले खडी वाहतुकीचे परवाने, एवढ्यांच्या प्रमाणित प्रती मागा. शुल्क 10 रुपये, पोस्टल ऑर्डरने चालतं. 'काम निकृष्ट का झालं?' असं विचारलं की अर्ज फुकट गेला. या कायद्याने असलेला कागद मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा की जिल्हा पंचायतीचा हे कळत नसेल तरी अडू नका. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

एक तरतूद फार थोडे लोक वापरतात. कलम 2(जे) प्रमाणे कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. अभियंत्याच्या समक्ष, रस्त्याच्या मध्यावर, तीन-चार ठिकाणी थराची जाडी मोजून मागा. कडेला मोजू नका, तिथे थर निमुळता होतो आणि चांगलं कामही बोगस दिसतं. आणि स्वतः कुदळ मारून तर मुळीच पाहू नका. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याचा गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल, मग रस्ता राहिला बाजूला.

प्रश्न : माहितीचा अर्ज मराठीत दिला तर घेत नाहीत. हा आमचा हक्क नाही का?
— निपाणीहून एक वाचक

या कायद्याच्या कलम 6(1) मध्ये तीनच पर्याय आहेत : इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. आपल्याकडे तिसरा पर्याय कन्नड. घटनेच्या 350 व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, ते मराठीत जरूर मांडावं. पण गाऱ्हाणं वेगळं आणि माहितीचा अर्ज वेगळा. कागद हातात हवा असेल तर अर्ज हिंदीत द्या. लिपी देवनागरीच, लिहायला जड जात नाही. भाषेच्या मुद्द्यावर अर्ज परत आला की महिना जातो, आणि तेवढ्यात रस्त्यावर दुसरा थर चढतो.

मिळणारी कागदपत्रं मात्र कन्नडात येतील. तिथे आकड्यांपासून जपा. कन्नड शून्य आणि एक, तसेच सहा आणि नऊ, हाताने लिहिलेले असले की सहज फसवतात. आकडे कन्नड वाचणाऱ्या दोघांकडून वेगवेगळे वाचून घ्या आणि बेरीज जुळते का पाहा. जमिनीचं प्रकरण असेल तर उलटही घडतं. या पट्ट्यातल्या अनेक गावांचे 1956 पूर्वीचे कागद मराठीत आणि त्याआधीचे मोडीत निघतात. तिथे मोडी लिपी जाणणारा माणूस लागतो.

प्रश्न : 'स्कॅम 1992' मधल्या सुचेता दलाल बेळगावात शिकल्या हे खरं का? त्यांनी घोटाळा पकडला कसा? आमच्या सोसायट्यांचं असंच काही असेल तर कसं ओळखायचं?
— शहापूर, बेळगावहून एक वाचक

खरं आहे. शाळा बेळगावच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये आणि संख्याशास्त्राची पदवी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून. 23 एप्रिल 1992 ला टाइम्स ऑफ इंडियात त्यांची बातमी आली.

घोटाळ्याचं यंत्र असं होतं. एक बँक दुसरीला सरकारी रोखे विकायची आणि ठरावीक दिवसांनी परत घ्यायची. नावाला विक्री, खरं तर थोड्या मुदतीचं कर्ज. मध्ये हर्षद मेहतासारखा शेअर-दलाल (ब्रोकर). रोखे हातोहात न देता 'बँक रिसीट' नावाची पावती दिली जायची आणि बँकेच्या नावाचा चेक त्या ब्रोकरच्या खात्यात जमा व्हायचा. मागे रोखे नसताना पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. पावती आणि रोखा यांचा मेळ घातला तेव्हा स्टेट बँकेच्या वहीत खड्डा दिसला. मालिकेने हे समजावून सांगायला वेळ दिला, हे तिचं मोठं बळ. पैसा कुठून निघाला, कुणाच्या खात्यात थांबला, हे प्रेक्षकाला कळलं नाही तर शोधपत्रकारितेची मालिका नुसती धावपळ होते.

सहकारी सोसायटीत तोच मेळ घालायचा. सभासद असाल तर वार्षिक सभेचे मागचे पाच अहवाल शेजारी-शेजारी ठेवा. कर्जवाटप जेवढं वाढलं त्यापेक्षा 'येणे व्याज' वेगाने वाढतंय का, ते आधी बघा. तसं असेल तर कर्जदार व्याज भरत नाहीत आणि कागदावरचा नफा हातात आलेला नाही. सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुठे नोंदवायची हे न ठरलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, रक्कम वर्षानुवर्षं पडून आहे का? मोठ्या कर्जाला जमीन तारण असेल तर तिचा उतारा 'भूमी' या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या संगणक प्रणालीवरून काढा आणि 11 व्या रकान्यात बोजा चढलाय का पाहा. कर्ज आहे आणि बोजा नाही, म्हणजे प्रश्न विचारायची वेळ झाली.

सोसायटीला थेट माहितीचा अर्ज बहुधा लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळच्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात तसं ठरवलं. पण सहकारी संस्थांच्या निबंधकाला कायद्याने जी माहिती मागवता येते ती निबंधकाच्या कचेरीतून मागता येते, हेही त्याच निकालात आहे. दोन्ही राज्यांत शाखा असलेली बहुराज्य संस्था असेल तर तिचे निबंधक केंद्राचे, दिल्लीत. ठेवीदारांचा पैसा पोटाला चिमटा काढून साठवलेला असतो. तेव्हा अर्धवट पुराव्यावर 'बँक बुडाली' अशी आवई कृपा करून उठवू नका. पैसे काढायला रांग लागली की धडधाकट संस्थाही कोसळते.

प्रश्न : 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस शोधपत्रकार म्हणायचा का?
— कारवारहून एक वाचक

नाही. निळू फुल्यांनी 1979 च्या या चित्रपटात उभा केला तो राजकीय वार्ताहर. त्याला सगळं कळतं, सगळे त्याच्यापाशी बोलतात, पण बोलणारा प्रत्येक जण आपल्या सोयीचं बोलतो. हातात कागद एकही नाही. कळलेलं आणि सिद्ध करता येणारं यांच्यातली दरी माणसाला कशी पोखरते ते त्या शेवटच्या हसण्यात आहे. मराठी पडद्यावर पत्रकाराचं इतकं प्रामाणिक चित्र दुसरं नाही, असं आमचं मत.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी. फोनवर 'नाव सांगू नका, फक्त हो म्हणा' असं विचारून बातमी पक्की होते का?
— चिकोडीहून एक वाचक

अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणावरच्या 1976 च्या 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' या चित्रपटात याचंच उत्तर आहे. पत्रकार न्याय खात्यातल्या माणसाला म्हणतो : मी दहा आकडे मोजतो, बातमी चुकीची असेल तर फोन ठेवा. दहा होतात, फोन चालूच. बातमी छापली जाते आणि अंगावर येते. समोरच्याने सूचना उलटी समजून घेतली होती. त्याहून महत्त्वाची चूक प्रश्नात होती. पैशाच्या निधीवर बड्या अधिकाऱ्याचा ताबा होता हे साक्षीदाराला ठाऊक होतं, पण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, त्याने तसं सांगितलं नव्हतं, कारण तिथे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. बातमीत 'ज्युरीपुढे सांगितलं' असं गेलं. मूळ गोष्ट खरी, एक तपशील खोटा, आणि सगळा हल्ला त्या तपशिलावर.

म्हणून वाक्य तोडून विचारा. 'हे घडलं का?', 'तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं?', 'कुठे नोंद आहे?' असे तीन वेगळे प्रश्न, आणि उत्तरात पूर्ण वाक्य घ्या. दोन माणसांनी दुजोरा दिला तरी दोघांनी एकाच तिसऱ्याकडून ऐकलं असेल तर तो एकच स्रोत धरायचा.

प्रश्न : शर्टाच्या बटणातला कॅमेरा खरोखर चालतो का?
— टिळकवाडी, बेळगावहून एक वाचक

चालतो, पण पुरावा टिकवणं अवघड. बटणातली भिंग छातीच्या उंचीवर असते. टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा चौकटीबाहेर जातो आणि कापड घासून आवाज खरखरतो. सिनेमात दिसतो तो स्वच्छ आवाज नंतर भरलेला असतो. प्रेस कौन्सिलचं धोरण पाहिलं तर लपून चित्रण हा शेवटचा उपाय, तोही लोकहिताचा विषय असेल आणि दुसऱ्या मार्गाने माहिती मिळत नसेल तरच.

चित्रण झालंच तर मेमरी कार्ड काढून पाकिटात सीलबंद करा, वर तारीख आणि वेळ लिहा, पुन्हा वापरू नका. काम प्रतीवर करा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश संख्या नोंदवावी लागते. ही संख्या म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा, एक क्षण कापला तरी बदलते. इथेच बहुतेकांचं फसतं : व्हिडिओ आधी व्हॉट्सॲपवर टाकतात. तिथे तो दाबून लहान केला जातो, चित्रणाच्या वेळेच्या नोंदी जातात, ठसा बदलतो. दोन महिन्यांनी कोर्टात मूळ फाइल मागतात तेव्हा कार्डावर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि कार्ड त्याआधी पाकिटात गेलेलं असू द्या.